शेंदूर लागलेले पाच नमुने

बाबांचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाच्या ग्रंथालयात बसले होते. "बाय, तुझे दगड आले," ते म्हणाले. "एकतीस पिशव्या. दोनदा मोजल्या. एक बी फाटली न्हाय." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "गोडाऊनमधले लोक हसतात मात्र."

हसण्यासारखं होतंच. बाबा भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतात. तिथे देशभरातून पंखे येतात, बूट येतात, साबणाची खोकी येतात. दगड कोणी मागवत नाही. आमच्या सरांनी हिमाचलहून ट्रकने पाठवलेल्या पोत्यांच्या बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, मालाच्या जागी नुसतं 'पत्थर' लिहिलं होतं. "चाचा, हिमालय से पत्थर मंगाया? इधर के खतम हो गए क्या?" असं कोणीतरी विचारलं. बाबा म्हणाले, "मेरी लडकी के हैं. वो पढती है इनको." "पत्थर को पढती है?" "हां. तेरे को तो बिल्टी भी पढनी नहीं आती." हा शेवटचा टोला बाबांनी मला फोनवर दोनदा ऐकवला.

दगड आमच्या घरी उतरायचं कारण साधं होतं. विभागात नमुने ठेवायच्या खोलीची फरशी उखडून नवी घालत होते आणि ट्रान्सपोर्टचा माल तसाही भिवंडीलाच उतरतो. सर म्हणाले, आठ दिवस तुझ्याकडेच राहू देत. "कोरडी जागा आहे ना?" मी अभिमानाने हो म्हणाले. कोरडेपणाशिवाय आणखी कशाची खात्री करायला हवी, हे ना त्यांना सुचलं, ना मला.

आमचा पाडा डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागे साग, पुढे गोदामांची निळी छपरं. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आश्रमशाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात ग्रॅनाइटवर एक वाक्य होतं, चित्र नव्हतं. बाई म्हणाल्या, आपल्याकडे ग्रॅनाइट मिळत नाही, आपला सगळा डोंगर काळ्या बेसॉल्टचा. सुट्टीत मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मिलत न्हाय कसा? परवाच गाडी खाली केली." दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकाच्या ओट्यासाठी आलेल्या लादीचा तुटलेला कोपरा घेऊन आले. गुलाबी, एका बाजूने आरशासारखा घासलेला. त्यात बोटाच्या पेराएवढे स्फटिक होते.

आमच्या डोंगरातल्या दगडात नुसत्या डोळ्यांनी फारसं काही दिसत नाही. तो लाव्हा जमिनीवर पसरला आणि लवकर थंड झाला, त्यातल्या स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. ग्रॅनाइटचं उलट असतं. त्याचा शिलारस खोल जमिनीत जुन्या खडकांच्या भेगांमधून वर घुसतो, पण बाहेर पडत नाही. मध्येच अडकतो आणि तिथेच हजारो, लाखो वर्षं सावकाश निवत राहतो. म्हणून त्याचे स्फटिक मोठे. पुढे वरचा डोंगर झिजून गेला की तो उघडा पडतो. बाईंनी तो तुकडा वर्गभर फिरवला आणि शेवटी माझ्याच हातात परत दिला. मी भूविज्ञान घेतलं त्याच्यामागे एवढंच आहे. त्या बाई आणि तो कोपरा नसते तर मी आज कुठल्यातरी गोदामात खोक्यांवर पट्ट्या चिकटवत असते, आणि त्यात वाईट काही नाही, पण मी हे लिहीत नसते.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी मला हिमालयातला पांढरा ग्रॅनाइट दिला. दिला म्हणजे अभ्यासाला दिला. दोन खंड एकमेकांवर रेटले गेले, कवच जाड झालं, खालचा अभ्रकाने भरलेला खडक तापला, अभ्रकाने आपल्यातलं पाणी सोडलं आणि तो खडक थोडा थोडा वितळला, अशी त्या ग्रॅनाइटची कथा सांगतात. आम्ही ज्या खोऱ्यात गेलो तिथे हा पांढरा दगड करड्या, पट्ट्यापट्ट्यांच्या जुन्या खडकात शिरलेला दिसतो, दुधाच्या ओघळासारखा. त्यात तुरमलीन या खनिजाच्या काळ्या सुया असतात. माझा प्रश्न एवढाच होता: हा शिलारस याच शेजारच्या खडकातून वितळून आला, की आणखी खालच्या कुठल्या वेगळ्या खडकातून?

हे बघून सांगता येत नाही. रसायनाला विचारावं लागतं. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारमध्ये थोडं शिसं असतं. फारच थोडं. दगडाचे दहा लाख भाग केले तर त्यातले पन्नास-साठ. पण त्या शिशाच्या अणूंमध्ये हलके-भारी प्रकार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण मूळ खडकावर अवलंबून असतं. पांढऱ्या दगडाचं शिसं शेजारच्या करड्या दगडाच्या शिशाशी जुळलं तर उत्तर मिळालं. माझा सगळा प्रकल्प त्या चिमूटभरही नसलेल्या शिशावर उभा होता.

एकतीस नमुन्यांपैकी पाच सगळ्यांत महत्त्वाचे. ते नेमके दोन खडकांच्या सीमेवरून फोडलेले होते, आणि सतरा नंबरच्या एकाच दगडात अर्धा करडा खडक आणि अर्धा पांढरा ग्रॅनाइट एकमेकांना चिकटून होते. तो मी शेवटच्या दिवशी काढला. हात बधिर झाले होते. आम्ही खाली उतरलो आणि वर बर्फ पडायला लागलं. दोन दिवसांनी खिंड बंद झाली. ती उघडणार पुढच्या उन्हाळ्यात आणि माझा प्रकल्प सादर व्हायचा त्याच्या आधी. ते पाच दगड मी वर्तमानपत्रात दुहेरी गुंडाळून पिशव्यांत घातले.

पिशव्या आईने शिवल्या होत्या. आई भिवंडीतल्या निजामपुऱ्यातून लूमवरच्या उरलेल्या कापडाच्या चिंध्या आणते आणि त्यांच्या पिशव्या शिवते. प्रत्येक लूमच्या कापडाचा काठ वेगळा. मी नंबर मार्करने लिहिणार होते, पण आई म्हणाली मार्कर पुसला जातो. आईला वाचता येत नाही. मी खडूने आकडे काढून दिले आणि तिने त्यावरून लाल दोऱ्याने टाके घातले, एक ते एकतीस. सात मात्र ती उलटा काढायची.

शनिवारी दुपारी मी घरी पोचले. अंगणात जांभळाखाली आमचा देव आहे, म्हणजे एक काळा दगड, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने गोल झालेला. त्याच्या बाजूला आणखी पाच दगड रांगेत बसवलेले होते. ओले, लालभडक, प्रत्येकापुढे तांदळाचे चार दाणे.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग एका दगडाच्या कडेला, शेंदूर जिथे विरळ झाला होता तिथे, काळी सुई दिसली.

"आये, हे काय केलंस?"

"पाय धू आधी," आई म्हणाली. ती आनंदात होती. "काय केला म्हंजे? हिमालयातनं आल्यात. पोत्यात बांधून ठेवायचे व्हते का? आंघोळ घातली, तेल लावला, शेंदूर लावला. पिशव्या बी धुवून ठेवल्यात."

"पण हेच पाच का?"

"हेच देव हायत ना. बाकीचे नुसते दगड. तूच यांना कागदात येगळा गुंडाळलास."

मी खाली बसले. शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. कुठल्यातरी कारखान्यात शिसं भाजून केलेला लाल रंग. पुडी तिथेच पडली होती. मी ती उचलली. एवढीशी पुडी आणि हाताला किती भारी लागली. मी ज्याचा दहा लाखांत पन्नास-साठ भागांपर्यंत शोध घ्यायला निघाले होते, ते आईने बोटाने थापून ठेवलं होतं, तेलात कालवून.

आधी मी तिचे हात धरले आणि नळाखाली नेले. साबणाने बोटं घासली, नखं घासली. "अगो, चाळीस वर्सं लावते, काय झाला मला?" ती हसत होती. मी पुन्हा साबण लावला. तिच्या हातांकडे बघताना मला अजून भीती वाटते.

त्यानंतर मी जे केलं ते मी शिकलेली होते म्हणून केलं. आई आत गेल्यावर मी सतरा नंबरचा दगड उचलला आणि तारेच्या घासणीने, भांड्यांच्या साबणाने घासायला लागले. लाल फेस आला, मग गुलाबी, मग पांढरा. मी गरम पाणी ओतलं, पुन्हा घासलं. अर्ध्या तासाने दगड हिमालयात होता तसा दिसायला लागला, एका बाजूने करडा, एका बाजूने पांढरा. मी दुसरा उचलला.

आई बाहेर आली आणि तिने तो हातातून काढूनच घेतला. तिचा चेहरा आता हसरा नव्हता. "एकाला सोललास तेवढा पुरे. याला हात लावायचा न्हाय."

"आये, माझं वर्ष जाईल!"

"जाऊ दे. देवाला भांड्यावानी घासत न्हायत."

मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. तिला तिच्या अडाणीपणाबद्दल जे बोलू नये ते बोलले. बाबा दारात उभे होते, ते म्हणाले, "बाय, पुरे." आई पदराने तो दगड पुसून जागेवर ठेवायला गेली आणि मग, मला आठवतं, पदर न लावता नुसताच ठेवला. मी रागावले होते त्यात हातांबद्दलही काहीतरी होतं, एवढं तिला कळलं होतं.

संध्याकाळी दुसरी भीती उभी राहिली. त्या पाच पिशव्यांतल्या चिठ्ठ्या धुण्यात लगदा झाल्या होत्या. सतरा मला ओळखता येत होता, पण बाकीचे चार लाल गोळे होते, एकसारखे. कुठला कुठल्या उंचीवरचा? वहीत चित्रं होती, पण शेंदराखाली काय दिसणार. मी विचारू की नको करत होते. शेवटी आई स्वतःच धुतलेल्या पिशव्यांची चळत घेऊन आली. एकेक काठ बोटाने चाचपून तिने सांगितलं. "हा हिरव्या काठाचा, पयल्या दगडाचा. हा डबल दोऱ्याचा, त्याच्या बाजूचा. हा फाल्टचा, इणताना बिघडलेला कपडा, त्यात तो चपटा व्हता." पिशवीवर लाल दोऱ्याचे आकडे जसेच्या तसे होते. चौदा, पंधरा, एकोणीस, वीस. मी कागदाचे तुकडे फाडून प्रत्येक दगडाखाली ठेवले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

सोमवारी सरांनी विचारलं, "दगड पोचले?"

"हो सर."

"नीट?"

"हो सर."

तीन दिवस मी हेच उत्तर घेऊन वावरले. विभागात मला सगळ्यांनी मदत केली आहे. सरांनी स्वतःचे बूट मला हिमालयात घालायला दिले होते, पुढे कापूस भरून. आणि मी त्यांच्यासमोर खोटं बोलत होते. प्रकल्प बुडेल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर दुसरी एक भीती तिच्याइतकीच मोठी होती: हे लोक चहा पिताना माझ्या आईला हसतील. अमुक एकीच्या आईने ग्रॅनाइटला शेंदूर फासला, असा किस्सा होईल आणि तो पुढची वीस वर्षं नव्या मुलांना सांगितला जाईल. बसमध्ये पुढच्या ट्रकच्या काचेवर शेंदराचं बोट दिसलं तरी मी मान फिरवायचे.

गुरुवारी भुकटी करायच्या यंत्राची यादी लागली. माझे नमुने आणि आणखी दोघांचे नमुने एका पाठोपाठ एक दळले जाणार होते. ती यादी मी दोनदा वाचली. शेंदूर लागलेला दगड त्या यंत्रात गेला तर यंत्राला शिसं लागणार, यंत्राचं शिसं पुढच्यांच्या नमुन्यांत जाणार. त्यांना कधी कळणारही नाही. मी तशीच सरांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"खरा शेंदूर? की नुसता रंग?"

"खरा असावा, सर. पुडी जड आहे."

"जाड लावलाय?"

"हो."

"चांगलं झालं," ते म्हणाले. मला वाटलं ते चिडून बोलताहेत. मग त्यांनी चष्मा काढला. "तू घासलास का?"

"एक. सतरा नंबर."

सर उठून उभे राहिले. त्यांना रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "कशाने?"

"तारेच्या घासणीने. साबण आणि गरम पाणी."

"लाल दिसत होतं तोवर शिसं कुठे आहे ते कळत होतं. जिथे लाल तिथे कापून टाकायचं, संपलं. तू ते काढलं नाहीस, लपवलंस. साबणाच्या पाण्याबरोबर प्रत्येक भेगेत घातलंस. आता मी कुठे कापू?" थोड्या वेळाने खाली बसून म्हणाले, "बाकीचे चार का नाही घासले?"

"आईने हिसकावून घेतले."

"हं," सर म्हणाले. "त्यांना सांग, चार वाचले."

मला ते त्या दिवशी घरी सांगता आलं नाही. दगड न्यायला गेले तेव्हा, घासणार नाही एवढंच म्हणाले, आणि आईने चारही पोत्यात ठेवू दिले.

दगड कापायची करवत विभागाच्या मागच्या शेडमध्ये आहे. ती चालवणारे काका निवृत्तीला आले होते. मी पोतं उघडलं तेव्हा त्यांनी आधी दगडाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "देवाला कापायला लावतेस होय गं?" त्यांनी चपला काढल्या, दगडाला हात जोडले, पुन्हा चपला घातल्या आणि करवत सुरू केली. पाण्याची धार लाल झाली. एकेक बाजू पाटीसारखी सुटून पडत होती. मी प्रत्येक कापलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरायचे. एखाद्या भेगेत केसाएवढी लाल रेघ आत गेलेली दिसायची आणि मी म्हणायचे, "काका, अजून." नारळाएवढे दगड होते, मुठीएवढे उरले. पण चौघांच्या गाभ्यात शेवटी लाल कुठेच नव्हतं.

सतराचं काय करायचं? तो सगळीकडून पांढरा आणि करडाच दिसत होता. कापला तरी पांढरा. काकांनी विचारलं, "कुठवर?" आणि मला सांगता येईना. शेवटी सरांच्या सांगण्यावरून त्याचे तीन भाग केले, बाहेरचा, मधला, गाभ्यातला, आणि वेगवेगळे दळले. सगळ्यांचे नमुने संपल्यावर, सर्वांत शेवटी. यंत्रात नंतर तीनदा नुसती शुद्ध वाळू दळून ते स्वच्छ केलं. भुकट्या दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत गेल्या.

मग वाट बघणं. सहा-सात आठवडे. या काळात मला कळलं की ज्याची वाट बघतो ते येऊ नये असंही वाटू शकतं. चौघांच्या गाभ्यात डोळ्यांना लाल दिसलं नाही, पण डोळ्यांना काय दिसतं? शेंदराचा एखादा कण, भिंगालाही न दिसणारा, पुरेसा होता. मी आईशी बोलत होते, पण मोजकं. ती एकदा म्हणाली, "ते तपासणीवाले काय बोलले?" मी म्हणाले, "अजून काही नाही." मग ती विचारायची बंद झाली आणि ते मला जास्त लागलं.

निकाल आला तेव्हा मी आईबरोबर निजामपुऱ्यात होते, चिंध्यांची गाठोडी उचलायला. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मोबाईलवर मेल दिसली. मी गाठोड्यावर बसले आणि रकाने वर-खाली करत राहिले. चौदा, पंधरा, एकोणीस, वीस. चौघांचं शिसं बाकीच्या पांढऱ्या नमुन्यांच्या रांगेत बसलं होतं, आणि शेजारच्या करड्या खडकाच्याही; म्हणजे शिलारस याच खडकातून वितळलेला. मग सतरा. बाहेरच्या भागात शिसं बाकीच्यांच्या कितीतरी पट. मधल्यात कमी. गाभ्यात आणखी कमी, पण तरी बाकीच्यांपेक्षा जास्त, आणि त्याची जातच वेगळी. कुठल्यातरी अनोळखी खाणीतलं शिसं माझ्या दगडाच्या पोटापर्यंत पोचलं होतं. जो एक दगड दोन्ही खडक हातात हात घेऊन आला होता, तोच गेला.

आई खाली वाकून ओरडून विचारत होती. मी चार बोटं वर केली. तिला वाटलं चार गाठोडी. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "आये, तू हिसकावून घेतलेले चार वाचले. मी घासलेला गेला." लूमच्या आवाजात ती काय ते समजली की नाही कोण जाणे. तिने माझ्या डोक्यावरचा कापसाचा धागा काढला.

प्रबंधात सतराच्या शिशाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. खाली टीप लिहायची होती. मी लिहिलं, 'हाताळताना दूषित.' सरांनी त्यावर लाल शाईने लिहिलं, 'कशाने? कसा? पुढच्याला उपयोग होईल असं लिही.' तेव्हा मी सरळ लिहिलं, की नमुना घरी ठेवला असता त्यावर शेंदूर लावण्यात आला, आणि नंतर तारेच्या घासणीने व साबणाने घासल्यामुळे शेंदूर भेगांत शिरला. छापल्यावर ती ओळ मला पानावरच्या बाकी सगळ्या ओळींपेक्षा ठळक दिसायला लागली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. मी टेबलाची कड धरली होती.

"शेंदूर कोणी लावला?"

"आईने."

खोलीत कोणीतरी हलकं हसलं. मी ज्याला इतके महिने घाबरत होते ते झालं, आणि ते एवढंसंच होतं.

"आणि घासला?"

"मी, सर. चूक तिथे झाली. आई दगड ओळखत होती, शिसं ओळखत नव्हती. मी दोन्ही ओळखत होते."

त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि रुबिडियम-स्ट्रॉन्शियम या शेंदराने न बिघडणाऱ्या मूलद्रव्यांबद्दल प्रश्न विचारला. सतरामध्ये ते आकडे शाबूत होते, त्यामुळे मी उत्तर देऊ शकले. शेवटी ते म्हणाले, "तुमचं उत्तर बरोबर असावं. पण दोन्ही खडक एकत्र असलेला एक स्वच्छ नमुना नसताना मी 'आहे' म्हणणार नाही, 'असावं' म्हणेन." मी पास झाले. पीएच.डी.ला घेतलं, पण खिंड उघडली की पुन्हा तिथे जाऊन तोच सांधा फोडून आणायचा या बोलीवर. तो कडा बर्फात, दरडीत शिल्लक आहे की नाही, कोणाला माहीत नाही. मी रोज हवामान बघते.

सतराचा न दळलेला भाग विभागात ठेवला आहे. शेवटची एक पाटी काकांनी माझ्या हातात दिली. मी ती घरी नेली, आईपुढे ठेवली. मला वाटलं ती जांभळाखाली ठेवेल. तिने उलटसुलट करून पाहिली.

"कापलेला हाय. याची पूजा व्हत न्हाय आता. पाण्यात सोडावा लागंल."

आम्ही कामवारी नदीवर गेलो. पाणी फार नव्हतं. काठावर सगळे काळे गोटे, आमच्याच डोंगरातले. माझ्या मनात आधीच आलं होतं, उद्या कोणी विद्यार्थिनी इथे हातोडी घेऊन आली आणि तिला बेसॉल्टच्या नदीत अभ्रकाच्या खडकाला चिकटलेला पांढरा ग्रॅनाइट सापडला, तर तिची किती वर्षं फुकट जातील. म्हणून मी आदल्या दिवशी पाटीवर ऑइलपेंटने लिहिलं होतं: १७, आणि त्या खोऱ्याचं नाव, आणि 'इथला नाही'.

"काय लिवलास?" आईने विचारलं.

मी वाचून दाखवलं. तिने रंगावर बोट टेकवून बघितलं, वाळलाय का. वाळला होता. मग तिने पाटी पाण्यात सोडली आणि पाण्याने बोट धुतलं, दोनदा, माझ्याकडे बघत.

परतताना ती म्हणाली, "नव्या पिशव्यांना कापड आणलाय. यंदा किती?"

"चाळीस."

"आणि दगड घरी आले तर काय करायचा न्हाय ते आधीच सांगून ठेव."

"हात लावायचा नाही."

"नमस्कार?"

मी थोडा विचार केला. "लांबून," मी म्हणाले.